ओट्याची उंची

कंपनीच्या दौऱ्यावरून दोन महिन्यांनी घरी परतलेली आसावरी चहा टाकायला गेली, तर ओटा तिच्या मांड्यांना लागला. मसाल्याचा डबा, कणीक, तवा, सगळं खालच्या फळीवर उतरलं होतं. जो जास्त राबेल त्याच्या मापाचं आपोआप होणारं हे स्वयंपाकघर तिनंच हौसेनं बसवून घेतलं होतं.

"निशांत, हे बिघडलंय का?"

"मी करतो सगळं, तू निवांत राहा," असं रोज फोनवर सांगणारा तिचा नवरा दारातच घुटमळला.

तेवढ्यात आठ वर्षांची रेवा आली. ओटा बरोबर तिच्या कमरेशी होता. तिनं सराईतपणे शेगडी पेटवली.

"आई, तू बस. तुलाही बाबांसारखाच बिनसाखरेचा करू?"