एकतर्फी दुवा

मुलांनो, अशी कल्पना करा की इंटरनेटवर प्रत्येक मुलाचं एक पान आहे आणि शाळा त्या पानांचा क्रम पाहूनच प्रवेश देतात. इतरांच्या पानांवर तुमच्या पानाचे दुवे जितके जास्त, तितका तुमचा क्रम वर.

केतकी आणि मुग्धा यांनी पहिलीत असतानाच एकमेकींचे दुवे लावले होते. पण यंदा हा क्रम लावणाऱ्या शोधयंत्राचा नियम बदलला. देवाणघेवाणीतला दुवा हा सौदा समजून तो मोजायचाच नाही, असं ठरलं.

"मुग्धाचा दुवा काढून टाक," आई म्हणाली. "तिने लावलेला तुझा राहू दे. म्हणजे तो एकतर्फी होईल आणि तू वर जाशील."

"अगं, पण ती माझी मैत्रीण आहे!"

"मग कर की मैत्री! यंत्राला दिसली नाही म्हणजे झालं. उद्या प्रवेश आहेत, बाई."

केतकीने डोळे मिटून दुवा काढला. मग मनातल्या मनात माफी मागायला ती मुग्धाच्या पानावर गेली. तिथे केतकीचा दुवा नव्हता. मुग्धाने तो सकाळीच काढला होता.

केतकी रडली नाही. तिने वर्गात नव्यानेच आलेल्या रेणूला फोन लावला.

"रेणू, आपण एकमेकींचे दुवे लावू या का गं?"

"खरंच?" रेणू हरखली. "माझा कुणीच लावत नाही."

"अगदी खरं," केतकी म्हणाली. "फक्त तू आधी लाव."