नाजूक जीव

स्त्रियांनी शिकावं असं सरळ सांगणारे तिचे दोन लेख संपादकांनी ‘बाईला हा सूर शोभत नाही’ म्हणून परत केले होते. तिसरा मात्र त्यांनी खुर्चीत रेलून मोठ्याने वाचला: “बायकांना मुळीच शिकवू नका. बायको शिकली तर नवऱ्याला डोकं वापरावं लागेल, आणि एवढ्या नाजूक जिवाला ते कष्ट झेपायचे नाहीत.” त्यांचे डोळे चक्क पाणावले. “आता कशा ताळ्यावर आलात,” म्हणत त्यांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली. लेखिका मान खाली घालून बसली होती. अशा दीडशहाण्यासमोर हसू दाबायला तेवढीच सोय होती. चहा घेऊन आलेल्या बायकोला ते म्हणाले, “ऐकलंस? शीक काहीतरी.” बायकोने लेखिकेकडे एकदा पाहून कप ठेवला. “ऐकलं,” ती शांतपणे म्हणाली. “पहिल्या पानावर छापा. आणि शेजारी तुमचा फोटोही टाका.”