कमरेची चटई

आजोबा वारले, म्हणून आमचा सेमिसी ऑकलंडच्या शाळेत गणवेशावरून कमरेला जुनी चटई बांधून गेला. आम्हा टोंगन लोकांचा दुखवटा असाच असतो. हेडमास्तरांनी त्याला आल्या पावली घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी लुपे आत्याच शाळेत जाऊन बसली, स्वतःच्या कमरेला चटई बांधून.

हेडमास्तर म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा, बाई. त्याला ती चटई सोडायला सांगा. शाळेचा काही मान राखाल की नाही?”

“मानासाठीच बांधलीय. चटईशिवाय मोठ्यांसमोर येणं म्हणजे आमच्यात नागडं येणं.”

“ते तुमच्या घरी! इथे पोरं हसतात त्याला.”

“पोरंच ती, हसणारच. मघापासून तुम्ही माझ्यासमोर तसेच बसलाय. मी हसले का?”