साफ चेहरा

“बघा डॉक्टर! माझ्या मलमाने गेलं की नाही?” बायकोने न्हाव्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. त्याच्या फुप्फुसात गाठ होती. गोळ्या सुरू झाल्यापासून तोंडभर पुरळ उठलं होतं, आणि आता गाल कसे लख्ख दिसत होते. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

“काका, गोळ्या चालू आहेत ना?”

“आहेत की,” उत्तर बायकोनेच दिलं. “रोज सकाळी मीच हातावर ठेवते.”

लोकांच्या गालावर वस्तरा फिरवताना ज्याची जीभ थांबत नसे, तो न्हावी आता नुसतं शर्टाचं बटण चाचपत होता.

“काका, खरं सांगा.”

“थुंकून टाकत होतो,” तो खाली बघत म्हणाला. “गिऱ्हाईक माझं तोंड बघून दारातूनच परत फिरायचं. खुर्ची रिकामी. मग पुरळ गेलं, हिला वाटलं मलमाचा गुण. म्हटलं, वाटू दे बिचारीला.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “काका, ‘वाढ’ असा निरोप पेशीच्या दाराशी येतो. तो आत जनुकांपर्यंत पोचला की ती कामाला लागतात आणि पेशी वाढते. तुमच्या गाठीत हा निरोप थांबतच नाही. गोळी त्याला दारातच अडवते. पण कातडीच्या पेशींनाही तसंच दार असतं, म्हणून पुरळ. ते उठलं की बहुतेक वेळा समजायचं, गोळी काम करतेय.”

“आणि मी ते घालवायला बसले होते!” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो गोळी गिळेपर्यंत ती समोरून हलत नसे. गिळल्यावर तोंड उघडायला लावी, मग गालावरून हात फिरवी. गाल गुळगुळीत लागला की तिचा जीव खालीवर होई. “एवढे लाड तर नवीन लग्न झालं तेव्हाही केले नव्हतेस,” तो थट्टा करायचा. तिला हसू येत नसे.

एका सकाळी दुकान उघडताना तिच्या बोटांना त्याच्या नाकाशेजारी बारीक दाणे लागले. तिने पुन्हा चाचपून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक पायरी चढलं आणि न्हाव्याचं तोंड बघून तसंच मागे वळलं. ती धावत दारात गेली.

“अहो भाऊ, थांबा ना,” ती रडत रडत हसली, “यांना पुरळ आलंय!”