तळाला शिंपले

खडकांच्या खिंडीत हिनातेआचा मुलगा बुडाला आणि त्याचं शरीर सापडलं नाही, तेव्हापासून त्या पाण्यावर राहुई होती. तिथं होडी घालायची नाही, जाळं टाकायचं नाही, आईनंसुद्धा पाऊल भिजवायचं नाही. खुणेसाठी माडाचा झाप बांधून खांब रोवला होता. गोऱ्यांनी तो उपटला आणि होडी थेट खिंडीत घातली.

"बाहेर निघा, मेल्यांनो!" काठावरून ओरडून ओरडून तिचा घसा बसला.

"मावशी, जरा दमानं," तौतू म्हणाला. तिचा हा भाचा त्यांच्या गलबतावर दुभाषा होता. "दोरीला शिसं बांधून नुसती खोली मोजतायत. आपल्या कशाला हातसुद्धा लावत नाहीत."

"मग त्यांच्या आईच्या थडग्यात काठी खुपसून मोजा म्हणावं खोली!"

दुपारी होडी काठाला लागली. तळ कसा आहे ते कळावं म्हणून शिशाच्या बुडाला चरबी फासलेली होती. तिला चिकटून वर आलेलं काहीतरी खलाशानं नखानं खरवडून काढलं, उलटसुलट पाहिलं आणि वाळूत भिरकावलं.

"तळाला शिंपले आहेत म्हणतो," तौतूनं सांगितलं.

हिनातेआ वाकली. मासे धरायचा शिंपल्याचा गळ होता तो, लेक गळ्यात घालायचा तो. तिनं स्वतःच्या केसांची वळून दिलेली दोरी अजून त्यात अडकलेली होती. तिनं तो भाच्याच्या तोंडासमोर धरला.

"कशालाच हात लावत नाहीत म्हणालास ना?"