उघडा राहिलेला फोल्डर

सर्व्हरवरचा हिरवा दिवा थांबून थांबून लुकलुकत होता. कामात असलेल्या यंत्रासारखा नाही. झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा.

तिने कीबोर्ड पुढे ओढून कमांड दिली. हा जुना सर्व्हर ऑफिसभर कोणकोणते फोल्डर वापरायला देतोय, ते पडद्यावर उतरलं. पगार, खरेदी, स्कॅन, ड्रॉइंग. पहिल्या तिन्हींत कोणीच नव्हतं. सगळे केव्हाच नव्या सर्व्हरवर गेले होते. 'ड्रॉइंग'मध्ये मात्र एक फाइल उघडी होती.

साहेबांचा नियम साधा होता. एक जरी फोल्डर वापरात असला तरी सर्व्हर चालू ठेवायचा. सगळे रिकामे झाले की भंगारात. आणि सर्व्हर गेला की तो सांभाळणाऱ्या काकांचंही काम संपलं. काकू गेल्यापासून काकांना घर खायला उठतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

काका आले ते दाराची चौकट धरून उभे राहिले. शेवटच्या मजल्यावर लिफ्ट येत नव्हती.

"काय म्हणतोय आमचा म्हातारा?"

"धुगधुगी आहे अजून."

"कुठली फाइल?"

"त्या जुन्या पंपाचं ड्रॉइंग."

"त्या पंपानं मान टाकून जमाना झाला. कोण डोकावतंय त्यात?" काका हसले. मग पडद्याकडे बघत म्हणाले, "माझ्या मशीनवरून नाही ना?"

"नाही हो, काका." तिने पडदा किंचित आपल्याकडे वळवला.

काकांचा मोबाइल वाजला. त्यांनी बघून बंद केला. "लेक. रोजचंच. तिकडे राहायला या म्हणते."

"मग?"

"मग काय? इथं काम आहे ना."

तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. साहेब होते.

"मॅडम, झाला का रिकामा?"

"एक फोल्डर अजून उघडा आहे, सर."

"कोणी उघडलाय?"

"शोधतेय."

"वर्षभर हेच ऐकतोय. तुम्ही तापानं पडला होतात, तेव्हा मी स्वतः वर येऊन बघितलं. तेव्हाही उघडाच. भूतबित आहे की काय?"

तिचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं. "बघते, सर."

फोन ठेवून तिने डोळे चोळले. शोधतेय, बघते, या दोन शब्दांचाच तिला शीण आला होता.

काका समोरच्या स्टुलावर टेकले. "तू तुझं मशीन कधीच बंद का करत नाहीस गं?"

"सुरू व्हायला वेळ लावतं."

"हं. तुझ्या तापाच्या आठवड्यात सफाईवाल्यानं ते बंद केलं होतं. त्याबरोबर तू उघडून ठेवलेली फाइलही बंद झाली."

तिने मघाशी वळवलेला पडदा पुन्हा सरळ केला.

"साहेब वर निघालेत म्हणून कळलं. फोल्डर रिकामा दिसला असता तर तुझ्या थापा उघड्या पडल्या असत्या. म्हणून तेवढ्यापुरता मी माझ्या मशीनवरून उघडून ठेवला." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "माझ्यासाठी एवढा आटापिटा करत होतीस. जातो म्हणायला तोंड होईना."

मोबाइल पुन्हा वाजला. या वेळी काकांनी तो कानाला लावला.

"हो गं बाळा. येतोय मी. कायमचा."