शाल ज्याच्या घरात असेल

"नाव लिही! कोसिनियस तेलवाला. ठळक लिही!" ट्रेबियस पावभट्टीवाला ओरडला.

देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या लेखनिकाने शाप कोरायचा शिशाचा पत्रा मांडीवर घेतला, पण टोचणी काही उचलली नाही. "मालक, चोरताना पाहिलंत त्याला?"

"पाहायला कशाला हवं? गावच्या न्हाणीघरातून माझ्या आधी तोच बाहेर पडला. मी येऊन बघतो तर कपड्यांच्या कोनाड्यात शाल नाही!"

शाल साधीसुधी नव्हती. तांबडी, लोकरीची, गावात तसली दुसरी नाही. उद्या लेकीच्या साखरपुड्याला ती पांघरून मिरवायचं म्हणून ट्रेबियसने महिनाभर ती जिवापाड जपली होती; आज फक्त न्हाणीघरात चारचौघांना दाखवायची, असं ठरवलं होतं. आणि होणारा व्याही कोण, तर हाच कोसिनियस! चोराच्या घरी लेक द्यायची? छे! लग्न मोडलंच म्हणायचं. लेक रडून घर डोक्यावर घेईल. घेऊ दे!

"नाव नको," लेखनिक म्हणाला. "नाव चुकलं तर शाप वाया. त्यापेक्षा शाल देवीला वाहून टाका. मग चोरी तुमच्या वस्तूची राहत नाही, देवीच्या वस्तूची होते. ती घेते बघून."

"वाहिली! लिही. बाई असो, बुवा असो, गुलाम असो, मालक असो. शाल ज्याच्या घरात असेल, त्याला ती देवळात आणून देईपर्यंत झोप लागू नये. आणि हो, धड बसताही येऊ नये! पळवाट ठेवू नकोस कुठे."

"एकदा पत्रा देवीच्या कुंडात पडला की शाप मागे घेता येत नाही हं."

"मागे घेतोय कोण?"

पत्र्याची घडी झाली, तिच्यात खिळा ठोकला गेला, आणि देवीच्या कढत कुंडात ती डुबकन बुडाली. ट्रेबियस तणतणत घरी आला.

"ओपिया! लग्न मोडलं! तुझ्या व्याह्याने माझी शाल लांबवली!"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "कुठली, तांबडी? अहो, गरम पाणी संपेल म्हणून सकाळी धावत सुटलात, शाल खुंटीलाच राहिली. मी मागून हाका मारतेय, तर ऐकतंय कोण! कसरीने खाल्ली होती, म्हटलं उद्याच्या आत रफू करून ठेवावी. ती काय बाकावर पडलीय."

ट्रेबियसच्या जिवात जीव आला. शाल मिळाली, लग्न वाचलं, आणि देवाच्या दयेने पत्र्यावर कोसिनियसचं नावही नव्हतं! हुश्श करून तो बाकावर धपकन बसला. शालीवरच.

दुसऱ्या क्षणी त्याने अशी बोंब ठोकली, की जात्याला जुंपलेलं गाढव चालता चालता थांबलं.

"अगं बाई, सुई राहिली वाटतं शालीत!" ओपियाला हसू आवरेना.

ट्रेबियसचा चेहरा मात्र त्याच्या पिठासारखा पांढरा पडला होता. "सुई नव्हे गं," तो कण्हला, "देवी!"

दिवस मावळायच्या आत शाल देवळात पोचली.

साखरपुड्याला ट्रेबियस जुन्या, विटक्या कपड्यांत दारात उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण पुजाऱ्याने बातमी आदल्या दिवशीच गावभर केली होती. कोसिनियस आला तो हात पसरूनच.

"व्याही, लेकीचं भलं व्हावं म्हणून एवढी लाडकी शाल देवीला वाहिलीत! आणि मी आपला तुम्हाला चिक्कू समजत होतो. माफ करा मला. असा भाविक व्याही मिळायला भाग्य लागतं हो!" त्याने डोळे पुसले आणि ट्रेबियसला ओढतच पंगतीकडे नेलं. "या, आज माझ्या शेजारी बसा."

"नको," ट्रेबियस घाईघाईने म्हणाला, "मी उभाच बरा."